मल्टिस्केल एफईएम: परत परत येणारे प्रश्न आणि रिझल्टवर किती भरवसा ठेवायचा त्याची उत्तरं

शनिवारच्या ठाण्याच्या बॅचमधून, महापे-रबाळेच्या डिझाइन ऑफिसांतून आणि ऐरोली-नेरूळच्या कॉलेजवाल्यांकडून व्हॉट्सॲपवर जे प्रश्न सारखे येतात ते एकदाचे लिहून काढतेय, म्हणजे पुढच्या वेळी नुसता नंबर पाठवला तरी काम होईल. सुरुवातीचे सोपे आहेत, शेवटचे तिरके आहेत. माझा एक हट्ट सगळीकडे दिसेल: आकडा दिलात तर तो किती चुकलेला असू शकतो तेही सांगा.

१. ताई, एफईएम तर सेमिस्टरला झालंय. मल्टिस्केलमध्ये वेगळं काय करतात?

एफईएममध्ये (फायनाइट एलिमेंट मेथड) पार्टचे छोटे तुकडे म्हणजे एलिमेंट करायचे (त्यांची जाळी म्हणजे मेश, कोपरे म्हणजे नोड), प्रत्येक तुकड्यात डिस्प्लेसमेंट सोप्या पॉलिनॉमियलने बदलतंय असं धरायचं आणि सगळ्यांचं मिळून एक मोठं समीकरण सोडवायचं. गणिताची कल्पना रिचर्ड कुरांट यांच्या १९४३ च्या पेपरमध्ये आहे, विमानासाठीचा टर्नर, क्लफ, मार्टिन, टॉप यांचा पेपर १९५६ चा, आणि 'फायनाइट एलिमेंट' हे नाव क्लफ यांनी १९६० ला वापरलं. पण या सगळ्यात मटेरियल म्हणजे दोन आकडे, कडकपणाचा मॉड्युलस आणि पॉइसन रेशो, स्टील असेल तर २०० गिगापास्कल आणि ०.३, चला पुढे. मल्टिस्केलमध्ये आपण त्या आकड्यालाच धरतो की बाबा तू आलास कुठून. काँक्रीटमध्ये खडी आहे, मॉर्टर आहे, खडीच्या भोवती काही दशक मायक्रोमीटर जाडीचा कमजोर थर आहे. एफआरपीत (तंतूंनी मजबूत केलेलं प्लास्टिक) काचेचे तंतू आणि रेझिन आहे. या आतल्या भानगडीचं वेगळं छोटं मॉडेल करून त्यातून वरच्या मोठ्या मॉडेलला मटेरियलची वागणूक पुरवायची, एवढंच.

२. मग रूल ऑफ मिक्श्चर्स आहे की, त्याने का भागत नाही?

घटकांच्या प्रमाणात सरासरी काढायचा हा नियम, कधी कधी झकास भागतं. रबाळेच्या एमआयडीसीत केमिकलवाल्यांसाठी एफआरपीच्या टाक्या बनतात तसलं मटेरियल घ्या. काच ७२ गिगापास्कल, रेझिन ३.५, तंतूंचं प्रमाण ६० टक्के, आणि समजा सगळे तंतू एकाच दिशेला. तंतूंच्या दिशेने सरासरी काढली की ४४.६ गिगापास्कल येतं आणि हे उत्तर प्रत्यक्षात जवळजवळ बरोबर असतं. आडव्या दिशेने उलटी सरासरी (व्यस्तांची सरासरी काढून ती परत उलटायची) काढली की ८.२ येतं, आणि इथे गोची होते, कारण खरा आकडा याच्या बराच वर असू शकतो, किती वर ते तंतू कसे पसरलेत त्यावर. पहिली सरासरी फोग्टची १८८९ ची, दुसरी रॉयसची १९२९ ची, आणि हिलने १९५२ मध्ये दाखवलं की खरं उत्तर या दोघांच्या मधेच असतं. हाशिन आणि श्ट्रिकमन यांनी १९६३ मध्ये ही फट बरीच अरुंद केली.

दोन्ही आकड्यांमधली फट तुमच्या कामाला चालत असेल तर मल्टिस्केलचं नाव काढू नका. फट मोठी असेल तरच पुढचे प्रश्न वाचा. आणि हो, मोठं मॉडेल करूनही उत्तर या दोघांच्या बरंच बाहेर पडलं तर मॉडेलमध्ये बग आहे, हे फुकटातलं चेकिंग आहे, दरवेळी करा.

३. आरव्हीई केवढा घ्यायचा? सर म्हणतात दहा तंतूंचा घे, पेपरमध्ये पन्नास आहेत.

आरव्हीई (रिप्रेझेंटेटिव्ह व्हॉल्यूम एलिमेंट) म्हणजे मटेरियलचा असा नमुना की ज्यात सगळं प्रमाणात आलंय. चिमूटभर चिवडा उचलला तर त्यात शेंगदाणा येईलच असं नाही, वाटीभर घेतला की येतो, तसं.

एकच ठरलेला आकडा नसतो, म्हणून दोघेही बरोबर आणि दोघेही चूक. साईझ तीन गोष्टींवर ठरतो: दोन घटकांमध्ये फरक किती (काच-रेझिनपेक्षा रबर-स्टील कठीण), कुठली प्रॉपर्टी हवी (मॉड्युलसला लहान चालतो, यिल्डला मोठा लागतो), आणि किती टक्के चूक चालेल. तिसरी गोष्ट कोणी विचारतच नाही आणि खरं तर तिथूनच सुरू करायला हवं.

पद्धत साधी आहे. एका साईझचे आठ-दहा रँडम नमुने बनवा, प्रत्येकाचा मॉड्युलस काढा, सरासरी आणि स्टँडर्ड डेव्हिएशन बघा, मग साईझ वाढवा. दोन गोष्टी व्हायला हव्यात: नमुन्या-नमुन्यांतला फरक कमी व्हावा आणि सरासरीही सरकायची थांबावी. लोक पहिलीच बघतात. लहान नमुन्यांची सरासरी बाऊंडरी कंडिशनमुळे एका बाजूला झुकलेली असते, ती शंभर लहान नमुने घेऊनही सुधरत नाही. साईझ पुरेसा झाला की व्हेरियन्स घनफळाच्या उलट्या प्रमाणात उतरतो, म्हणजे थ्रीडीत बाजू दुप्पट केली तर स्टँडर्ड डेव्हिएशन साधारण २.८ पटीने कमी. तसं उतरत नसेल तर अजून लहानच आहे.

४. आरव्हीईला बाऊंडरी कंडिशन कुठली लावू?

बाय डिफॉल्ट पिरिऑडिक. समोरासमोरच्या फेसवरचे नोड जोडीने बांधायचे. जीमेश या मेश बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये पिरिऑडिक मेश करता येतो, तो आधीच करून घ्या, नाहीतर समोरचे नोड जुळत नाहीत आणि मग रात्र जाते.

बाकी दोन म्हणजे कडांना सरळ लिनियर डिस्प्लेसमेंट देणं आणि कडांना एकसारखा ट्रॅक्शन देणं. पहिल्याने उत्तर कडक येतं, दुसऱ्याने मऊ येतं, पिरिऑडिक मधे पडतं. तिन्ही हिल-मँडेलची अट पाळतात, म्हणजे आतल्या एनर्जीची सरासरी आणि वरच्या स्केलची एनर्जी सारखी येते. माझ्या मते यातला सगळ्यात उपयोगी भाग हा की त्याच आरव्हीईवर पहिली आणि दुसरी दोन्ही चालवा, दोन उत्तरांमधला फरक हाच त्या साईझचा एरर बार. फरक १५ टक्के असेल तर तिसऱ्या दशांशापर्यंत आकडे छापू नका.

५. 'रिलायेबल' म्हणजे नक्की काय? सॉफ्टवेअरने एरर दिला नाही म्हणजे झालं ना?

नाही हो. सॉल्व्हर कन्व्हर्ज झाला याचा अर्थ एवढाच की तुम्ही जे समीकरण दिलं ते त्याने सोडवलं.

चुका पाच ठिकाणून येतात: मटेरियलचं मॉडेलच चुकीचं, मॅक्रो (वरच्या मोठ्या मॉडेलचा) मेश जाड, मायक्रो (आतल्या आरव्हीईचा) मेश जाड, आरव्हीई लहान, आणि सॉल्व्हरची टॉलरन्स सैल. रिलायेबल म्हणजे यातली प्रत्येक चूक साधारण केवढी ते माहीत असणं. मेशवाल्या चुकांसाठी गणित पक्कं आहे, बाबुश्का आणि राइनबोल्ट यांनी १९७८ मध्ये सोडवलेल्या उत्तरावरूनच चूक मोजायची पद्धत दिली, झिएन्किविझ आणि झू यांचा १९८७ चा एस्टिमेटर तर आज बऱ्याच कमर्शियल पॅकेजमध्ये मेनूतच असतो. मटेरियल मॉडेलच्या चुकीला असा मेनू नाही, त्यासाठी टेस्ट लागते, ते प्रश्न १५ मध्ये.

जाड मेशने काय होतं त्याचं उदाहरण नॉर्वेचं. स्लाइपनर ए नावाच्या समुद्रातल्या प्लॅटफॉर्मचा काँक्रीटचा पाया २३ ऑगस्ट १९९१ ला चाचणीसाठी पाण्यात उतरवताना फुटला आणि सगळा बुडाला, नुकसान साधारण ७० कोटी डॉलर. सेलच्या भिंती जिथे मिळतात तिथला एलिमेंटचा आकार खराब होता, शिअर स्ट्रेस ४७ टक्के कमी आला, त्यामुळे भिंती पातळ राहिल्या आणि वर सळईचं अँकरेजही अपुरं पडलं. नंतर नीट ॲनालिसिस केलं तर ६२ मीटर खोलीला फुटेल असं आलं, प्रत्यक्षात फुटलं ६५ ला. म्हणजे पद्धत चांगलीच होती, कोणी मेश तपासला नव्हता.

६. मेश कन्व्हर्जन्स रिपोर्टमध्ये कसा दाखवायचा?

तीन मेश, प्रत्येक वेळी एलिमेंट अर्धा, आणि तोच एक आकडा तिन्हींतून. दोन मेश पुरत नाहीत.

हातानेच करून बघू. पट्टीला मधोमध भोक, भोकाचा व्यास रुंदीच्या एक पंचमांश. पुस्तकी उत्तर: जास्तीत जास्त स्ट्रेस लांबवरच्या स्ट्रेसच्या ३.१४ पट (अनंत रुंद पट्टीला ३, ते किर्शचं १८९८ चं). समजा तुमच्या तीन मेशची उत्तरं आली २.८४, ३.०५, ३.११. फरक ०.२१ आणि मग ०.०६, भागाकार ३.५, म्हणजे कन्व्हर्जन्सची ऑर्डर साधारण १.८. शेवटच्या फरकाला ३.५ वजा १ ने भागा, ०.०२४ आलं, ते ३.११ मध्ये मिळवा, ३.१३४. सगळ्यात बारीक मेशपेक्षाही पुस्तकाच्या जवळ, आणि यासाठी एकही जास्तीचा रन लागला नाही. याला रिचर्डसन एक्स्ट्रापोलेशन म्हणतात. सेफ्टी म्हणून ०.०२४ ला १.२५ ने गुणून '३.११, अनिश्चितता ०.०३' असं लिहा, झालं.

भागाकार १ च्या खाली आला किंवा चिन्ह बदललं तर मेश अजून कन्व्हर्जन्सच्या रेंजमध्येच नाहीत, एक्स्ट्रापोलेशन करू नका. किंवा तुम्ही प्रश्न ७ मध्ये अडकलायत.

७. मेश बारीक करतोय तसा स्ट्रेस वाढतच चाललाय, थांबतच नाही. काय चुकतंय?

बहुतेक काही चुकत नाहीये, तिथे आतला टोकदार कोपरा आहे, किंवा क्रॅकचं टोक, किंवा एका नोडवर लोड ठेवलाय. तिथे थिअरीतच स्ट्रेस अनंत आहे, मेश तो गाठायला बघतोय. कोपऱ्याला ड्रॉइंगमधली खरी त्रिज्या द्या. क्रॅक असेल तर टोकाचा स्ट्रेस वाचूच नका, एनर्जी रिलीज रेट किंवा जे-इंटिग्रल घ्या, ते व्यवस्थित कन्व्हर्ज होतात.

यातली लपलेली गोष्ट अशी की क्रॅक असताना सगळीकडे एकसारखा मेश बारीक केला तर एनर्जी नॉर्ममधली चूक एलिमेंट साईझच्या वर्गमुळानेच उतरते, मग तुम्ही लिनियर एलिमेंट घ्या की क्वाड्रॅटिक, तेच. महागडे एलिमेंट वाया. टोकाभोवतीच बारीक करा, किंवा मोएस, डोल्बो, बेलिट्श्को यांचा १९९९ चा एक्सएफईएम आहे, त्यात क्रॅक एलिमेंटच्या आतून जाऊ शकतो.

वेल्डच्या टोचं (वेल्ड प्लेटला मिळतो ती कड) थोडं वेगळं आहे, ते प्रश्न ११.

८. मॅक्रो मेश चारपट बारीक केला तरी उत्तर हलत नाही. म्हणजे कन्व्हर्ज झालं ना?

हा प्रश्न मला सगळ्यात आवडतो, कारण इथेच मल्टिस्केलवाले फसतात.

उत्तर हललं नाही याचा अर्थ मॅक्रो मेशची चूक आता छोटी आहे. मायक्रोची चूक तशीच बसलीये आणि ती सगळ्या मॅक्रो उत्तरात सारखी मिसळलेली आहे, त्यामुळे तुम्ही अगदी छान कन्व्हर्ज होताय, चुकीच्या आकड्याकडे. लिनियर इलास्टिकसाठी हिशोब असा: मॅक्रोला लिनियर एलिमेंट असतील तर मेश अर्धा केल्यावर स्ट्रेसमधली चूक अर्धी होते. मायक्रो मेश अर्धा केला तर त्यामुळे आलेली चूक चौथाई होते, कारण इफेक्टिव्ह मॉड्युलस एनर्जीतून निघतो आणि एनर्जीतली चूक वर्गाने उतरते. म्हणून स्ट्रेस हवा असेल तर मॅक्रो दुप्पट बारीक करताना मायक्रो १.४ पट केला तरी पुरतं, पण डिस्प्लेसमेंट हवं असेल तर दोन्ही बरोबरीने बारीक करावे लागतात, कारण तिथे मॅक्रोचीही चूक वर्गाने उतरते. एक बारीक आणि एक जाड ठेवणं म्हणजे नुसतं वीजबिल.

आता मायक्रोमधली एक खाच. गोल तंतूला आठ कडांचा मेश केला की त्या अष्टकोनाचं क्षेत्रफळ वर्तुळाच्या ९० टक्केच भरतं. म्हणजे तुम्ही ६० टक्के तंतू समजताय आणि मॉडेलमध्ये ५४ टक्केच आहेत, आणि प्रश्न २ मधला ४४.६ चा आकडा ४०.५ होऊन बसतो. सोळा कडांना ९७.४ टक्के. रन करायच्या आधी मेशमधून घनफळ मोजून घ्या, एका मिनिटाचं काम आहे. हे ठीक असेल आणि पूर्ण इंटिग्रेशनचे एलिमेंट असतील तर मायक्रो मेश बारीक करताना मॉड्युलस खालीच यायला हवा. वर जात असेल तर हीच तंतूंची गडबड शोधा.

९. एफई-स्क्वेअर माझ्या लॅपटॉपवर चालेल का?

मॅक्रोच्या प्रत्येक गॉस पॉइंटवर (एलिमेंटच्या आत जिथे स्ट्रेस काढतात तो बिंदू) एक आरव्हीई लटकवायचा, ही ती पद्धत, फेयेल आणि शाबोश यांचा २००० चा पेपर प्रसिद्ध आहे. हिशोब करा. १०,००० एलिमेंट, प्रत्येकी ८ गॉस पॉइंट, ८०,००० आरव्हीई झाले. १०० लोड स्टेप आणि प्रत्येकी ५ इटरेशन धरले तर ४ कोटी वेळा आरव्हीई सोडवायचा. एकाला १० सेकंद लागले तर ४० कोटी सेकंद, एका कोअरवर साडेबारा वर्षांच्या वर, ६४ कोअरच्या मशीनवर दोन महिन्यांपेक्षा जास्त. मेमरीही बघा, आरव्हीईत ५०,००० गॉस पॉइंट आणि प्रत्येकी ७ हिस्टरी व्हेरिएबल असतील तर एकाला २.८ एमबी, ८०,००० ना २२४ जीबी.

मटेरियल लिनियर असेल तर हे सगळं करायची गरजच नाही, आरव्हीईवर सहा लोड केस एकदा चालवा, कडकपणाचं मॅट्रिक्स काढा, मॅक्रोला द्या, संध्याकाळच्या आत घरी. नॉनलिनियर असेल तरी आधी बघा प्लास्टिसिटी कुठे होतेय, बहुतेक वेळा पार्टच्या छोट्याशा कोपऱ्यात होते, तेवढ्याच एलिमेंटना आरव्हीई लावा. असं करून लॅपटॉपवर टूडी प्रोजेक्ट होतात, झालेत.

१०. मग एफएफटी किंवा न्यूरल नेटवर्कने फास्ट होत नाही का? सगळे तेच करतायत.

होतं. मुलिनेक आणि स्युके यांची १९९४ ची एफएफटी (फास्ट फूरिए ट्रान्सफॉर्म) पद्धत सीटी स्कॅनच्या व्हॉक्सेलवर (थ्रीडी पिक्सेल) थेट चालते, मेश बनवायचाच नाही, आणि पिरिऑडिक असणं तिच्यात आपोआप येतं. अडचण दोन: एक घटक दुसऱ्यापेक्षा खूपच कडक असेल किंवा पोकळ्या असतील तर मूळची साधी स्कीम रखडते, आणि घटकांच्या सीमेवर स्ट्रेस उगाच वरखाली होतो. सरासरी हवी असेल तर बेस्ट, सीमेवरचा पीक स्ट्रेस हवा असेल तर सांभाळून.

न्यूरल नेटवर्कबद्दल माझं मत जरा जुन्या वळणाचं आहे. ज्या स्ट्रेनच्या पट्ट्यात ट्रेनिंग दिलं त्याच्या आत ठीक, बाहेर गेलं की ते शांतपणे काहीही सांगतं, एरर मेसेज येत नाही. वापरा, पण मॅक्रो रन चालू असताना किती गॉस पॉइंट ट्रेनिंगच्या बाहेर गेले ते मोजा, आणि त्यातले काही खऱ्या आरव्हीईवर परत चालवून फरक लिहा. हे न केलेलं काम माझ्याकडे तपासायला पाठवू नका.

११. सबमॉडेलिंग म्हणजेच मल्टिस्केल का? आमच्या ऑफिसमध्ये पुलाच्या डेकचं काम आहे.

नाही, पण चुलत भाऊ म्हणता येईल. सबमॉडेलिंगमध्ये मटेरियल तेच राहतं, फक्त एका जागेचा बारीक तुकडा कापून मोठ्या मॉडेलमधलं डिस्प्लेसमेंट त्याच्या कडांना लावायचं. मटेरियलची वागणूक खालून वर जात नाही.

अटल सेतूत आहे तसला ऑर्थोट्रॉपिक स्टील डेक (खालून रिब जोडलेली स्टीलची प्लेट) असेल तर सबमॉडेलिंगच योग्य, तिथे प्रश्न रिब आणि डेक प्लेटच्या वेल्डच्या फटीगचा असतो. वेल्डच्या टोला स्ट्रेस सिंग्युलर, म्हणजे थिअरीत अनंत, आहे (प्रश्न ७), म्हणून टोवरचा आकडा घ्यायचाच नाही. प्लेटच्या जाडीच्या ०.४ पट आणि १ पट अंतरावरचे स्ट्रेस घ्या, पहिल्याला १.६७ ने गुणा, त्यातून दुसऱ्याचा ०.६७ पट वजा करा, हा हॉट-स्पॉट स्ट्रेस. आणि कापलेल्या कडेवर मोठ्या आणि छोट्या मॉडेलचा स्ट्रेस जुळतोय का तेवढं बघा, जुळत नसेल तर कड फार जवळ कापलीये.

१२. एलिमेंट कुठला घेऊ? ऑटोमेश चार नोडचा टेट देतो.

तो सोडून कुठलाही, हा माझा शॉर्टकट. चार नोडचा टेट (टेट्राहेड्रॉन) वाकण्यात कडक वागतो, आणि प्लास्टिसिटी सुरू झाली की घनफळ जवळपास बदलत नाही, तेव्हा तर लॉकच होतो, म्हणजे खोटाच कडक बनतो. दहा नोडचा टेट घ्या. आठ नोडचा रिड्यूस्ड इंटिग्रेशनवाला ब्रिक लॉक होत नाही, पण अवरग्लास होतो (स्ट्रेस न येताच आकार बिघडतो), म्हणून आर्टिफिशियल एनर्जी एकूणच्या काही टक्क्यांच्या आतच आहे का ते प्लॉट करा. रबराला हायब्रिड एलिमेंट, ज्यात दाब वेगळा सोडवतात. आरव्हीईतला रेझिनचा पट्टा दोन तंतूंमध्ये कुठे चिंचोळा होतो तिथे निदान तीन-चार एलिमेंट आडवे यायला हवेत, खरा स्ट्रेस तिथेच असतो आणि ऑटोमेश तिथे एकच एलिमेंट ठेवून पुढे जातो.

१३. मायक्रोचं मॉडेल मायक्रोमीटरमध्ये आणि मॅक्रो मिलिमीटरमध्ये, युनिट कशी जुळवू?

मिलिमीटर-न्यूटनने मेगापास्कल येतो. मायक्रोमीटर-मायक्रोन्यूटननेही मेगापास्कलच येतो. म्हणून स्ट्रेस थेट नेता येतो, डोकं लावायचं नाही.

शुद्ध इलास्टिकमध्ये तर लांबीला काही अर्थच नसतो, आरव्हीई १ मीटरचा काढला तरी मॉड्युलस तोच. फ्रॅक्चर एनर्जी आली की मात्र लांबी आली, तिथे युनिट चुकलं तर उत्तर पार बदलतं आणि ग्राफ बघून कळतही नाही.

१४. क्रॅक सुरू झाल्यावर आरव्हीईचा साईझ बदलला की उत्तर बदलतं. कितीचा घेऊ मग?

कितीचाही घेऊन भागणार नाही. ग्राफ पीकनंतर खाली यायला लागला की सगळं डॅमेज एका पट्ट्यात जमा होतं. पट्ट्याची रुंदी तीच, आरव्हीई मोठा केला की सरासरीत पट्ट्याचा वाटा कमी होतो, म्हणून ग्राफ जास्त ठिसूळ दिसतो. म्हणजे प्रश्न ३ मधला 'पुरेसा मोठा' असा साईझच इथे अस्तित्वात नाही. हे मेशची शिस्त पाळूनही सुटत नाही, कारण चूक मेशची नाहीच.

मार्ग असा की पूर्ण आरव्हीईची सरासरी घेणं सोडा. पट्ट्यातलं ओपनिंग आणि त्यावरचा ट्रॅक्शन काढा आणि मॅक्रोमध्ये कोहेसिव्ह क्रॅक म्हणून घाला, तो ग्राफ आरव्हीईच्या साईझवर अवलंबून राहत नाही. पीकच्या आधी नेहमीचा आरव्हीई, पीकनंतर हा. एका मॉडेलमध्ये मेशचीही अशीच तक्रार असते, तिथे बाझांत आणि ओह यांची १९८३ ची क्रॅक बँड पद्धत आहे: एलिमेंटच्या साईझप्रमाणे सॉफ्टनिंगचा उतार बदलायचा म्हणजे क्रॅकला लागणारी एनर्जी कायम राहते. काँक्रीटवाल्यांनो, निदान एवढं तरी कराच.

१५. टेस्टच्या ग्राफवर माझा ग्राफ तंतोतंत बसला. व्हॅलिडेट झालं म्हणू का?

त्याच टेस्टवरून पॅरामीटर लावले होते का? मग ते कॅलिब्रेशन. चार पॅरामीटर हलवायला मिळाले तर बहुतेक ग्राफ बसतात. व्हॅलिडेशन म्हणजे पॅरामीटर गोठवायचे आणि मग वेगळीच टेस्ट बघायची: ताणाने लावलं असेल तर वाकवून बघा.

त्याच्याही आधी व्हेरिफिकेशन, म्हणजे कोड समीकरण नीट सोडवतोय का. नाफेम्स या एफईएमवाल्यांच्या संस्थेचा एलई-वन हा बेंचमार्क घ्या, लंबवर्तुळाकार मेंब्रेन, उत्तर ९२.७ मेगापास्कल. स्वतः कोड लिहीत असाल तर पॅच टेस्ट (एकसारखा स्ट्रेन दिला की तसाच परत येतो का) आधी. मल्टिस्केल कोडसाठी माझी आवडती चाचणी म्हणजे दोन्ही घटकांना एकच मटेरियल द्या, इफेक्टिव्ह मॉड्युलस सॉल्व्हरच्या टॉलरन्सपर्यंत तोच आला पाहिजे. खूप कोड इथेच पडतात.

१६. खाडीवरच्या पुलाचं काँक्रीट, क्लोराइड, सळई गंजणं, हे मल्टिस्केलने होईल का?

होतं, आणि आपल्याकडे खाडीचा वारा खाणारी इतकी बांधकामं आहेत की हा विषय प्रोजेक्टला घ्यायला मी नेहमी सांगते. मायक्रोला काढायची वस्तू बदलते, मॉड्युलसऐवजी डिफ्युजन कोइफिशंट. खडीतून क्लोराइड जवळपास जात नाही, त्याला वळसा घालावा लागतो, खडीभोवतीच्या सच्छिद्र थरातून मात्र पटकन जातो, या दोघांचं भांडण आरव्हीईत मिटवायचं.

भरवशाचा मुद्दा इथे जरा उघडा पडतो. कव्हर ५० मिमी, डिफ्युजन कोइफिशंट सेकंदाला १० चा उणे १२ वा घात चौरस मीटर धरला, तर अंतराचा वर्ग भागिले कोइफिशंट म्हणजे वेळेचा अंदाज साधारण ७९ वर्षं. कोइफिशंट पाचपट झाला तर १६ वर्षं. आणि एखादी बारीक चीर पडली की पाचपट सहज होतो. तेव्हा मेशची दोन टक्के चूक कमी करण्यात आठवडा घालवू नका, चिरांचं काय ते बघा. पुढे गंजाने सळईभोवती जागा जास्त लागते (गंज मूळ लोखंडाच्या २ ते ६ पट घनफळ घेतो), काँक्रीट फुटतं, मग प्रश्न १४.

१७. एकदम अणूपर्यंत का जात नाही? म्हणजे गृहीतकच नको.

१ घन मिलिमीटर ॲल्युमिनियममध्ये साधारण ६ गुणिले १० चा १९ वा घात इतके अणू असतात, आणि मॉलेक्युलर डायनॅमिक्सची एक स्टेप १ फेमटोसेकंदाच्या आसपास. विषय संपला.

जिथे खरंच अणू लागतात, म्हणजे क्रॅकचं टोक किंवा डिसलोकेशन, तिथेच अणू ठेवायचे आणि बाकी एफईएम, ही टॅडमोर, ऑर्टिझ, फिलिप्स यांची १९९६ ची क्वासिकंटिन्यूअम. दोघांच्या सांध्यावर एनर्जीच्या हिशोबातून खोटे फोर्स तयार होतात, घोस्ट फोर्स म्हणतात. लोड न लावता परफेक्ट क्रिस्टलवर रन करा, अणू हलले तर ते आहेत. आणि अणूंमध्येही गृहीतक आहेच, इंटरॲटॉमिक पोटेन्शियल कोणी तरी फिटच केलेलं असतं.

१८. लायसन्स नाहीये. फुकटात काय वापरू?

कॅल्क्युलिक्स (इनपुट फाइल ॲबॅकससारखी, ऑफिसवाल्यांना सोपं), कोड ॲस्टर, कोड लिहायचा असेल तर फेनिक्स किंवा डील टू, मेशला जीमेश, धातूच्या दाण्यांना नेपर, क्रिस्टल प्लास्टिसिटीला डमास्क, अणूंना लॅम्प्स, बघायला पॅराव्ह्यू. डील टू मध्ये एरर एस्टिमेटर आणि ॲडाप्टिव्ह मेश आधीपासून आहे, म्हणून मी तेच सुचवते, सी प्लस प्लस ची भीती वाटली तरी.

१९. हनीकोम्ब कोअर आहे, एकच पिरिऑडिक सेल घेतला, मेश कन्व्हर्ज, आरव्हीई परफेक्ट, तरी टेस्टमध्ये बराच आधी बकल झालं. असं का?

कारण एका सेलच्या पिरिऑडिक कंडिशनने तुम्ही बकलिंगला (दाबाखाली अचानक वाकण्याला) सांगून टाकलं की प्रत्येक सेल शेजाऱ्यासारखाच वाकणार. खऱ्या कोअरमध्ये एक सेल डावीकडे आणि शेजारचा उजवीकडे वाकू शकतो, तो पॅटर्न दोन सेलचा आहे, आणि बहुधा कमी लोडला येतो. तुमच्या मॉडेलमध्ये तो आकार शक्यच नाही. मेश कितीही बारीक करा, सापडणार नाही.

बकलिंगच्या आधीपर्यंत एक सेल अचूक आहे, इलास्टिक मॉड्युलस त्यातूनच घ्या. क्रिटिकल लोडसाठी दोन बाय दोन घ्या, मग तीन बाय तीन, मग चार बाय चार, आणि यातला सगळ्यात कमी आकडा धरा. तीन बाय तीनने दोन सेलचा पॅटर्न पकडला जात नाही, त्यामुळे तिथे लोड परत वर गेला तर घाबरू नका. एकाच सेलवर सगळ्या लांबीच्या लाटा तपासायची ब्लॉख-वेव्ह पद्धत आहे, गेमोना, म्युलर आणि ट्रायंटाफिलिडिस यांचा १९९३ चा पेपर वाचा, कोडमध्ये कॉम्प्लेक्स आकडे लागतात एवढाच त्रास. तिथेही लांबात लांब लाटेलाच सगळ्यात कमी लोड आला तर पूर्ण पॅनेलच लाटेसारखं वाकतंय, मग स्केल वेगळे धरून चालणार नाही आणि पॅनेलचं सगळे सेल दाखवणारं मॉडेल एकदा तरी करावं लागेल.